हि नो योजिन!

मंडळी, नमस्कार.

मागच्या डिसेंबरात इथे तोक्योत आमच्या चोनाइकाइने, म्हणजे वस्तीच्या मंडळाने, मला रात्रीच्या फेरीला बोलावलं. शेजारच्या आजोबांनी माझ्या गळ्यात एक दोरी अडकवली. तिच्या दोन टोकांना कठीण लाकडाचे दोन ठोकळे. ह्योशिगी म्हणतात त्यांना. मी जोर लावून आपटले, तर नुसतं खट्ट. आजोबा म्हणाले, ‘मनगट सैल सोडा.’ मग जो आवाज निघाला, तो गारठलेल्या हवेत थेट गल्लीच्या टोकापर्यंत गेला.

सगळे मिळून ओरडायचं, ‘हि नो योजिन!’ विस्तव सांभाळा. लगेच दोन ठोके. पोरं पुढे जोडतात, ‘माच्चि इप्पोन, काजि नो मोतो’, एका काडीनेही आग लागते. मला चिपळ्या वाजवत पहाटे येणारा आपला वासुदेव आठवला. तो झोपेतून उठवतो, ही फेरी झोपायच्या आधी चूल बघायला लावते.

लाकडाच्या घरांचं हे शहर किती वेळा जळलं! १६५७ च्या आगीत निम्म्याहून जास्त एदो, म्हणजे आजचं तोक्यो, खाक झालं. माणसं लाखाच्या आसपास गेली असं सांगतात. त्या धास्तीतूनच रात्रीच्या या फेऱ्या इतक्या घट्ट रुजल्या.

तीच लाकडं तुम्ही तोक्योच्या र्योगोकु भागात सुमो कुस्ती बघताना ऐकली असतील. पैलवान रांगेने आखाड्यात येतात तेव्हा योबिदाशी ती वाजवतो. नावं पुकारणारा, आखाडा झाडणारा, ढोल वाजवणारा माणूसही तोच. काबुकी या पारंपरिक नाटकात पडदा सरकू लागला की ठोके हळूहळू जलद होत जातात, आणि आपण नकळत सावरून बसतो. पूर्वी सायकलवरून चित्रकथा सांगायला येणारे कामिशिबाइवालेही हीच वाजवून पोरं गोळा करत आणि आधी गोळ्या विकत.

मंडळी, आपण इथे वर्षानुवर्षं राहतो, पण चोनाइकाइशी आपला संबंध बहुधा कचऱ्याच्या वेळापत्रकापुरता. मलाही ते फार उशिरा जाणवलं. त्या एका रात्रीत मला गल्लीतली अकरा घरं नावानिशी कळली. यंदा वर्षअखेरीची फेरी तुमच्या वस्तीत असेल तर आपणहून विचारा, मुलांनाही न्या.

मागच्या टेबलावर एक जोडी ठेवली आहे. जेवणाआधी वाजवून बघा. मनगट मात्र सैल ठेवा.