पाचवीचं बीपी

पाटा मांडलाय. वरवंट्याला हळद-कुंकू, शेजारी कोरा कागद आणि पेन. आज पाचवी. रात्री सटवाई येणार, बाळाच्या कपाळी लिहून जाणार.

धारूर तालुक्यातलं हे घर. लेक पहिल्या बाळंतपणाला माहेरी आलीय. बाजेखाली शेगडी, निखाऱ्यावर ओवा-शेपा पडल्या की खोलीभर धूर. सकाळपासून ती म्हणतेय, "डोकं लई दुखायलंय." आई म्हणते, "वारं लागलं असंल." कानावरचं फडकं आणखी आवळलं जातं.

फडकं असू द्या. पण दंडाला बीपीचा पट्टाही बांधायला हवा होता.

मूल झालं की बीपी उतरतं, असं सगळेच धरून चालतात. पण गर्भारपणात अंगात साठलेलं पाणी बाळंतपणानंतर रक्तात परततं आणि बीपी बहुधा तिसऱ्या ते सहाव्या दिवशी सगळ्यात वर जातं. साधं बाळंतपण असेल तर बाई 48 तासांनी सरकारी दवाखान्यातून निघते, 102 ची गाडी दारात सोडते. बीपी चढतं ते इथं, या बाजेवर.

सातवा दिवस. आशाताई आल्यात. 3, 7, 14, 21, 28, 42 या दिवसांच्या सहा भेटी. झोळीत बाळ, काटा थरथरतो: 2 किलो 600. थर्मामीटर काखेत. नाळ बघितली. आईला विचारलं, ताप हाय का, अंगावरून जास्त जातंय का. ताईंच्या पिशवीत बीपीचं मशीन नाही. या भेटी आखल्याच मुळी नवजात बाळासाठी.

आज उपकेंद्रातल्या सिस्टर सोबत आहेत, म्हणून पट्टा फुगतोय. 156 वर 104. थोड्या वेळानं पुन्हा, तेवढंच. 140 वर 90 ला पोचलं की जास्त.

"दवाखान्यातून दिलेल्या बीपीच्या गोळ्या कुठंयत?" सिस्टर विचारतात.

फळीवर, अळिवाच्या डब्यामागं. पाकिटातल्या दोनच संपल्यात. "दूध आटंल म्हणून बंद केल्या," आई सांगते. लॅबेटालॉल, निफेडिपिन या बीपीच्या गोळ्या बाळाला दूध पाजणाऱ्या बाईला चालतात.

धोक्याच्या खुणा: डोकेदुखी, अंधारी, बरगडीखाली दुखणं, दम. पुढं झटके, कधी मेंदूत रक्तस्राव. त्याच दुपारी तिला दवाखान्यात नेलं.

बेचाळिसावा दिवस. 138 वर 88, गोळी चालू. बाळंतपणाला बारा आठवडे झाले की पुन्हा मोजायचं. तेव्हाही चढलेलं असलं तर ते बाळंतपणाचं बीपी राहत नाही, कायमचं धरून औषध चालतं.

दारात ट्रॅक्टर उभाय. नवरा न्यायला आलाय, टोळी उद्या ऊसतोडीला निघणार. तपासणीची तारीख बाळाच्या लसीच्या कार्डात घडी घालून ठेवलीय. त्या आठवड्यात ती कुठल्या फडावर असेल, मुकादमालाही अजून माहीत नाही.