ड्रॅगन एज 2: एक शहर, सात वर्षं आणि तीच ती गुहा

(दृश्य: गुहेचं तोंड, कोपऱ्यात छोटा नकाशा)

कोपऱ्यातल्या नकाशाकडे नीट बघा. डावीकडे एक बोळ आहे आणि त्याच्या टोकाला मोठं दालन. आता प्रत्यक्ष तिथे जाऊ. वाट बंद आहे, समोर दगडी शिळा. तिला कळ नाही, कुलूप नाही, मागे लपवलेलं काही नाही. हीच गुहा दुसऱ्या मोहिमेत येते तेव्हा हा बोळ उघडा असतो आणि उजवीकडचा बंद. नकाशात मात्र दोन्ही वेळा दोन्ही वाटा दिसतात.

8 मार्च 2011 रोजी उत्तर अमेरिकेत ‘ड्रॅगन एज 2’ हा व्हिडिओ गेम बाजारात आला. बनवणारी कंपनी कॅनडातल्या एडमंटनची बायोवेअर, प्रकाशक इलेक्ट्रॉनिक आर्ट्स. याच्या आधीचा भाग, ‘ड्रॅगन एज: ओरिजिन्स’, 2004 मध्ये जाहीर झाला होता आणि लोकांच्या हाती पडला नोव्हेंबर 2009 मध्ये. त्यानंतर दुसरा भाग यायला लागले जेमतेम 16 महिने. त्याच काळात बायोवेअरचा ‘स्टार वॉर्स: द ओल्ड रिपब्लिक’ लांबणीवर पडला होता. प्रकाशकाचं आर्थिक वर्ष 31 मार्चला संपतं आणि त्या वर्षाच्या हिशेबात एक मोठा गेम कमी पडत होता. ती जागा याने भरायची होती.

आणि तरीही मूळ कल्पना फार चांगली होती, हे ठासून सांगायला हवं. जग वाचवायचं नाही, देशोदेशी फिरायचं नाही. हॉक नावाचा एक निर्वासित कर्कवॉल या बंदराच्या शहरात येतो आणि पुढची सात वर्षं आपण त्याचं आयुष्य तिथेच बघतो. कथा तीन अंकांत आहे आणि दर दोन अंकांमध्ये तीन वर्षांचा काळ सरतो. ती सांगतो हॉकचा मित्र व्हॅरिक, तीही कॅसँड्रा नावाची तपास करणारी त्याची उलटतपासणी घेत असताना. सुरुवातीच्या मारामारीत हॉक अचाट पराक्रम करतो, कॅसँड्रा वैतागते आणि व्हॅरिकला खरं काय घडलं ते पुन्हा सांगावं लागतं. फँटसी गेममध्ये इतकी धीट मांडणी क्वचितच दिसते.

पण एका शहराची गोष्ट सांगायची, तर ते शहर बदललं पाहिजे. पहिल्या अंकापासून तिसऱ्यापर्यंतच्या सहा वर्षांत दुकानं मोडतील, नवी उभी राहतील, वस्त्यांची रया पालटेल. कर्कवॉलमध्ये यातलं काही होत नाही. लोटाउन या गरीब वस्तीच्या पायऱ्या, गोदीतली खोकी, बाजारातले विक्रेते पहिल्या अंकात जसे असतात, जवळजवळ तसेच तिसऱ्यात. बहुतेक चर्चा पुन्हा पुन्हा वापरलेल्या गुहांवरच थांबते. आमच्या मते खरं नुकसान गुहांनी केलं नाही, या थिजलेल्या शहराने केलं. गुहा निदान कथेच्या काठावर आहेत. शहर हीच कथा होती.

(दृश्य: रात्रीचं हायटाउन, म्हणजे श्रीमंत वस्ती; छपरावरून उड्या घेणारे गुंड)

आता लढाई. ‘ओरिजिन्स’मध्ये शत्रू आधी दिसायचे. चोर लपत पुढे जायचा, सापळा लावायचा. जादूगार दारात तेलकट निसरडं पसरायचा आणि त्यावर आगीचा गोळा टाकला की सगळं पेटायचं. पीसीवर कॅमेरा उंच नेऊन आपल्या गटातल्या चौघांच्या जागा ठरवता यायच्या. दुसऱ्या भागात तो कॅमेरा गेला आणि शत्रू लाटांनी येऊ लागले. पहिली तुकडी पडते न पडते तोच दुसरी छपरावरून किंवा थेट जमिनीतून उगवते, आणि नेमकी तुमच्या जादूगाराच्या पाठीमागे. मग जागा निवडण्याला अर्थच उरत नाही. पहिल्या लाटेवर सगळा ‘माना’, म्हणजे मंत्रांना लागणारी शक्ती, उधळला, की दुसरीच्या वेळी मंत्र कूलडाउनमध्ये (पुन्हा वापरता येईपर्यंतच्या सक्तीच्या थांब्यात) आणि औषधाच्या कुप्याही कूलडाउनमध्ये.

खेळणाराने काय करावं? पहिल्या लाटेत मोठे मंत्र राखून ठेवा. योद्ध्याचं टाँट, म्हणजे शत्रूंना डिवचून स्वतःकडे ओढणारं कौशल्य, दुसऱ्या लाटेसाठी तयार असू द्या. चौघांना पांगवू नका. जोड-हल्ल्यांकडे मात्र जरूर लक्ष द्या, कारण त्यात या गेमची लढाई खरोखर रंगते. जादूगार शत्रूला ‘ब्रिटल’ (ठिसूळ) करतो, योद्धा ‘स्टॅगर’ (डळमळीत), चोर ‘डिसओरिएंट’ (भांबावलेला). त्या अवस्थेचा फायदा इतर दोन वर्गांनी उठवायचा. त्यासाठी त्या कौशल्याची सुधारित पायरी घ्यावी लागते, नुसतं मूळ कौशल्य पुरत नाही. आपल्याच मंत्राने आपलीच माणसं होरपळणं हवं असेल, तर ते फक्त नाइटमेअर या सर्वांत अवघड पातळीवर आहे.

सोबत्यांचं चिलखतही बदलता येत नाही. बरीचशी लूट म्हणूनच थेट विक्रीला जाते.

यापुढे कथा उघड होते आहे.

पहिल्या अंकात डीप रोड्स या जमिनीखालच्या जुन्या रस्त्यांवरच्या मोहिमेसाठी 50 सॉव्हरिन, म्हणजे सोन्याची नाणी, जमवायची असतात. हॉक जादूगार असेल तर भाऊ कार्व्हर जिवंत राहतो, नाहीतर बहीण बेथनी. त्या भावंडाला मोहिमेवर न्यायचं असेल, तर अँडर्स या जादूगार सोबत्याला बरोबर घ्याच. तो नसेल तर भावंड दगावतं. तो असेल तर ते ग्रे वॉर्डन या योद्ध्यांच्या पंथात जाऊन वाचतं. घरी ठेवलं, तर बेथनी जादूगारांना ठेवतात त्या सर्कलमध्ये जाते आणि कार्व्हर जादूगारांवर पहारा ठेवणारा टेम्प्लर सैनिक होतो. एका गटनिवडीचा परिणाम पुढची सहा वर्षं पुरतो. असंच सगळीकडे व्हायला हवं होतं.

दुसरा अंक या गेमचा कळस आहे. कुनारी या परक्या शिंगवाल्या लोकांचा सेनापती अरिशॉक शहरात ठाण मांडून बसतो, त्याचा संयम अंकभर सुटत जातो. हॉकची सोबतीण, समुद्री चाची इसाबेला पळून जाते. तिच्याशी नातं पुरेसं घट्ट असेल, मग ते मैत्रीचं असो वा वैराचं, तर ती कुनारींचा चोरलेला ग्रंथ घेऊन परतते. मग तिला अरिशॉकच्या हवाली करायचं की त्याच्याशी एकट्याने लढायचं, हे तुम्ही ठरवता.

(दृश्य: गॅलोजचं, म्हणजे जादूगारांच्या सर्कलचं प्रांगण)

तिसऱ्या अंकात हे सगळं ढासळतं. अँडर्स चँट्री, म्हणजे शहराचं मुख्य धर्ममंदिर, उडवून देतो, आणि जादूगार की टेम्प्लर, असा सवाल समोर येतो. तुम्ही जादूगारांच्या बाजूने उभे राहिलात, त्यांचा प्रमुख ओर्सिनो याला वाचवायला लढलात, तरी तोच रक्तजादू करून राक्षस बनतो आणि तुमच्यावर उलटतो. टेम्प्लरांची बाजू घेतलीत, तरी त्यांची प्रमुख मेरेडिथ शेवटी तलवार घेऊन समोर येतेच. दोन्ही वाटांवर तीच दोन युद्धं. निवड करायला लावून ती पुसून टाकणं, हा खेळणाराच्या वेळेचा अपमान आहे.

‘एक्झॉल्टेड मार्च’ ही दुसऱ्या भागाची मोठी पुरवणी रद्द झाली. नोव्हेंबर 2014 मध्ये तिसरा भाग ‘इन्क्विझिशन’ आला, अफाट मोकळे प्रदेश आणि उंचावरचा कॅमेरा परत घेऊन; हॉकही त्यात भेटतो. दुसरा भाग आज खेळायचा असेल, तर ‘लेगसी’ ही जोडकथा घ्या. तिच्यातला कारागृहाचा मनोरा तिच्यासाठीच बांधलेला आहे, आणि तिथल्या नकाशावर दिसणारी वाट खरोखर कुठेतरी पोहोचते.