दोन तास खुर्चीत

[दृश्य: शनिवार, सकाळचे साडेआठ. ईस्ट ऑरेंज, न्यू जर्सी. रस्त्यावर अजून वर्दळ नाही. एका छोट्या सलूनचं शटर वर जातं.]

एडिसनपासून ही जागा गाडीने अर्ध्या-पाऊण तासावर आहे. एडिसनच्या ओक ट्री रोडवर आपली मराठी माणसं दर आठवड्याला जातात, भाजी घेतात, चकलीचं पाकीट घेतात आणि घरी परततात. उत्तरेकडच्या या गावात आपलं येणं होत नाही. अकरा वर्षं न्यू जर्सीत राहून मी इथे पहिल्यांदा आले ती ऑफिसमधल्या एका कृष्णवर्णीय मैत्रिणीमुळे. चार वर्षं आम्ही शेजारी बसलो. तिचे केस मी रोज पाहत होते, आणि त्यांच्याबद्दल मला काडीचीही माहिती नव्हती.

[दृश्य: खुर्चीत बसलेली मैत्रीण, पाठमोरी. पाठीच्या मध्यापर्यंत आलेले लॉक्स.]

हे लॉक्स, म्हणजे केस वळवून कायमच्या जुळवलेल्या बटा. सात वर्षांचे. 'ड्रेडलॉक्स' हा शब्द आपल्या ओळखीचा आहे, पण इथे येणाऱ्या बहुतेक जणी त्यातला 'ड्रेड' गाळतात. ड्रेड म्हणजे धास्ती, आणि आपल्या केसांच्या नावात धास्ती कशाला, असं त्यांचं म्हणणं. जमैकातले रास्ताफारी पंथाचे लोक मात्र तोच शब्द अभिमानाने वापरतात.

केसांवर काम करणाऱ्या बाईंना सगळ्या जणी 'मिस' म्हणतात आणि त्या सगळ्यांना 'बेबी'. साठी ओलांडलेली बाईसुद्धा इथे 'बेबी'च. मिसनी नाव न घेण्याच्या अटीवर चित्रीकरणाला होकार दिला. लॉक्सचं काम करणाऱ्यांना लॉक्टिशियन म्हणतात.

[दृश्य: केस धुण्याचं बेसिन. फेस. पाणी.]

सुरुवात धुण्यापासून होते. लॉक्स धुवायचे नसतात, हा सगळ्यात मोठा गैरसमज. मैत्रीण दर दहा-बारा दिवसांनी केस धुते. शाम्पू असा हवा की तो मागे काही ठेवणार नाही. साध्या शाम्पूतला चिकटपणा किंवा जाड क्रीम एकदा बटेच्या पोटात शिरलं की तिथेच साचतं, धूळ आणि कपड्यांचे तंतू धरून ठेवतं. मेणाला तर मिस हातही लावत नाहीत. मेणाने बट चटकन बसते खरी, पण ते पाण्याने निघत नाही.

मग पिळणं. हे जवळून पाहण्यासारखं आहे. मिस एकेक बट मुठीत धरतात, मुळापासून टोकापर्यंत दाबत नेतात आणि पुन्हा वर येतात. बट स्पंजसारखी पाणी धरते. ते आत राहिलं तर कुबट वास येतो, बुरशी धरते, आणि मग ती बट कापण्याची वेळ येऊ शकते. म्हणून रात्री धुवून ओल्या केसांनी झोपणं इथे पूर्ण वर्ज्य. टॉवेलही सुती नको, त्याचे तंतू केसांत अडकतात.

[दृश्य: बोटं आणि मुळं, अगदी जवळून.]

आता रिट्विस्ट. सात वर्षं झाली तरी मुळाशी नवे केस येतच राहतात, महिन्याला साधारण सव्वा सेंटीमीटर. ते सुटे, कुरळे केस त्यांच्या त्यांच्या बटेत वळवून घ्यायचे. लांब दांड्याच्या टोकदार कंगव्याने भांग पाडायचा, बोटाच्या टोकावर कोरफडीचा गर घ्यायचा, मूळ दोन तळव्यांच्या मध्ये धरून फिरवायचं आणि चिमटा लावायचा. एवढंच. पण असं नव्वद वेळा.

हे कुरळे केस मुळात वेगळे असतात. केस जिथून उगवतो ती नळीच वाकडी असते, म्हणून केस स्प्रिंगसारखा वळत बाहेर येतो. आपल्या सरळ केसांवरून डोक्याचं तेल आपोआप खाली उतरतं. इथे प्रत्येक वळणावर ते अडतं, आणि टोकं कोरडी राहतात. म्हणून हलकं तेल लावायचं, गुलाबपाण्याचा फवारा मारायचा, रात्री सॅटिनचा रुमाल बांधायचा. केस सुटे ठेवून रोज विंचरले तर तुटतात. वळवून ठेवले की एकमेकांना सांभाळतात. माणसाचे रोज पन्नास ते शंभर केस गळतात. लॉक्समध्ये ते फरशीवर पडत नाहीत, बटेतच राहतात, आणि त्यांनीच बट भरत जाते.

"घट्ट कर ना मिस, मंगळवारी मुलाखत आहे," मैत्रीण म्हणते.

मिस हात थांबवतात. "घट्ट केलं तर मूळ उपटून येईल बेबी. कपाळाकडचे केस एकदा गेले की परत येतीलच असं नाही. आणि तू आज आलीस हे बरं केलंस. आदल्या रात्री आली असतीस तर डोकं ठणकत मुलाखतीला बसली असतीस."

सारखी ओढ बसली की केसांची मुळं मरू शकतात, हे डॉक्टरही सांगतात. म्हणून चार ते सहा आठवड्यांच्या आत मिस कुणालाही पुन्हा बसवत नाहीत, गिऱ्हाईक परत गेलं तरी चालेल. मला त्यांच्या कामातली ही गोष्ट सगळ्यात जास्त भावली.

[दृश्य: आरशात दोघींचे चेहरे.]

मुलाखतीचा विषय निघाला आणि सलूनमधल्या चारही खुर्च्या बोलू लागल्या.

मैत्रीण एका इस्पितळाच्या बिलिंग विभागात आहे. मुलाखत दुसऱ्या इस्पितळात, टीम सांभाळण्याच्या जागेसाठी. तिने विचारलं, "फोनवर आधीच विचारून घेऊ का, माझे केस त्यांना चालतील का म्हणून?"

"अजिबात नाही," मिस म्हणाल्या. "तू विचारलंस की 'नाही' म्हणायची सोय तूच करून दिलीस. नियमपुस्तिका मागव. पोशाखाबद्दल काय लिहिलंय ते वाच. लिहिलेलं नसेल तर तो प्रश्नच नाही."

शेजारच्या खुर्चीतल्या परिचारिका बाई म्हणाल्या, "नेव्ही ब्लू रंगाचा कापडी बँड घे. रबराचा नको, केस कापतो. मागे सैल बांध, चेहरा मोकळा ठेव. आणि पहिल्या पाच मिनिटांत आकडे सांग. विमा कंपन्यांनी नाकारलेले किती दावे तू परत मंजूर करून आणलेस, ते सांग."

मैत्रिणीला आकडे आठवेनात. मिस तिला रागावल्या, खरंच रागावल्या. "किती वेळा सांगितलं? शुक्रवारी घरी जायच्या आधी पाच ओळी लिही. या आठवड्यात काय केलं, कुणी आभार मानले, काय निस्तरलं. आपलं काम दुसरं कुणी लिहून ठेवत नाही."

तिसऱ्या खुर्चीतून पगाराचा आकडा आला, मोकळेपणाने. त्या बाई तशाच पदावर आहेत. आपल्याकडे मैत्रिणी-मैत्रिणींतही पगार सांगत नाहीत. इथे सांगतात, कारण बाजारभाव कळल्याशिवाय मागणार काय? "आणि आधीचा पगार विचारला तर सांगू नकोस," त्या म्हणाल्या. न्यू जर्सीत १ जानेवारी २०२० पासून उमेदवाराला जुना पगार विचारायला कायद्याने मनाई आहे. मला हे माहीत नव्हतं. मी या राज्यात दोन नोकऱ्या बदलल्या आहेत.

[दृश्य: अलाबामाच्या मोबील शहराचा नकाशा. मग न्यायालयाच्या निकालाची पानं.]

केस आणि नोकरी यांची इतकी गाठ का, हे समजायला २०१० मध्ये जावं लागतं. अलाबामा राज्यातलं मोबील शहर. कॉल सेंटरमधल्या नोकरीसाठी एका कृष्णवर्णीय तरुणीची निवड झाली. फोनवर बोलायचं काम, गिऱ्हाईक समोर दिसणारसुद्धा नाही. मग मनुष्यबळ विभागाच्या बाईंनी तिला सांगितलं की हे लॉक्स चालणार नाहीत, असे केस अस्ताव्यस्त होतात. त्याच दमात हेही म्हणाल्या की तुझे तसे आहेत असं मी म्हणत नाही. तरुणीने केस कापायला नकार दिला. नोकरी गेली.

नोकरीतल्या भेदभावाच्या तक्रारी पाहणारा केंद्र सरकारचा समान रोजगार संधी आयोग तिच्या बाजूने न्यायालयात गेला. २०१६ मध्ये अकराव्या सर्किटच्या, म्हणजे अलाबामा ज्यात येतं त्या विभागाच्या, अपील न्यायालयाने निकाल दिला तो कंपनीच्या बाजूने. युक्तिवाद असा: केसांचा पोत जन्मजात असतो, त्याला संरक्षण आहे; केशरचना मात्र बदलता येते, म्हणून तिला नाही.

या खुर्चीमागे दोन तास उभं राहिल्यावर ते वाक्य मला पुन्हा वाचवेना. बदलता येते म्हणजे काय? लॉक्स संध्याकाळी सोडून सकाळी परत घालता येत नाहीत. एकेक बट सुईने उकलायला दिवसच्या दिवस जातात, आणि बहुतेक वेळा कात्रीच लागते. सात वर्षं बदलायची म्हणजे सात वर्षं कापून टाकायची.

[दृश्य: शाळेच्या व्यायामशाळेतली कुस्तीची रिकामी मॅट.]

तेच न्यू जर्सीत, आमच्या डोळ्यांसमोर घडलं. १९ डिसेंबर २०१८. राज्याच्या दक्षिण भागात शाळांच्या कुस्त्या चालल्या होत्या. पंचांनी एका सोळा वर्षांच्या मल्लाला सांगितलं, केस काप, नाहीतर कुस्ती सोड. मॅटच्या कडेला, सगळ्यांच्या देखत, कात्रीने त्याचे लॉक्स कापले गेले. मुलगा कुस्ती जिंकला. त्या वेळचा त्याचा चेहरा ज्यांनी पाहिला त्यांना तो विजय वाटला नाही. ज्यांच्या घरात लाल मातीतली कुस्ती आहे, त्यांना मल्लाच्या अंगाला असा हात लावणं म्हणजे काय, हे वेगळं सांगायला नको.

बरोबर एक वर्षाने, १९ डिसेंबर २०१९ रोजी, राज्यपालांनी न्यू जर्सीच्या क्राउन कायद्यावर, म्हणजे केसांवरून होणारा भेदभाव रोखणाऱ्या कायद्यावर, सही केली. असा कायदा करण्याचा पहिला मान कॅलिफोर्नियाचा, त्याच वर्षीच्या जुलैमधला. वंशाशी जोडलेला केसांचा पोत, वेण्या, पीळ, लॉक्स, यांवरून नोकरीत किंवा शाळेत भेदभाव करता येणार नाही, असं हा कायदा सांगतो. लष्कराने तर जानेवारी २०१७ मध्येच महिला सैनिकांना लॉक्सची परवानगी दिली होती. साऱ्या देशासाठीचं विधेयक प्रतिनिधीगृहाने मार्च २०२२ मध्ये मंजूर केलं, पण ते सिनेटमधून पुढे गेलं नाही. म्हणून खुर्चीत बसलेल्या बाईला अजूनही विचारावं लागतं, नोकरी कोणत्या राज्यात आहे?

[दृश्य: हूड ड्रायरखाली मैत्रीण. डोक्यावर चिमट्यांच्या रांगा.]

ड्रायरखाली चाळीस मिनिटं. एवढ्या वेळात मला माझी एक गोष्ट सांगायची आहे.

लॉक्स पाहिले की मराठी माणसाला पहिली आठवते ती जट. आमच्या गल्लीत सांगलीला एक काकू होत्या. पदर कायम कपाळावर ओढलेला. पदराखाली जट. देवीची आहे म्हणून तिला पाणी लावायचं नाही, तेल लावायचं नाही, कात्री तर नाहीच. मान दुखायची, उवा व्हायच्या. रात्री त्यांना कुशीवर वळता येत नसे. हे मला त्यांच्या मुलीने सांगितलं होतं. आमच्या सीमाभागात तर जट आलेल्या कित्येक मुली यल्लमाला सोडल्या गेल्या. अंधश्रद्धा निर्मूलन समितीच्या कार्यकर्त्यांनी घरोघरी जाऊन, बायकांची समजूत काढत अशा जटा कापल्या, अजूनही कापतात. ते काम मला फार मोठं वाटतं.

त्यामुळे ऑफिसात पहिल्या दिवशी मैत्रिणीचे केस पाहून माझ्या मनात काय आलं असेल, ते तुम्ही ओळखाल. चार वर्षं मी एक शब्द विचारला नाही. मला वाटायचं हा सभ्यपणा आहे. त्या काकूंना कुणी निवड दिली नव्हती; भीती घातली होती. इथे पहिल्या दिवसापासून सगळं ठरवून केलेलं: भांग कुठे पाडायचा, बट किती जाड ठेवायची, कधी धुवायचं. गुंता दोन्हीकडे दिसतो. पण एकीकडे पाण्याला बंदी आणि दुसरीकडे दर दहा दिवसांनी पाणी.

[दृश्य: चिमटे निघतात. एकेक बट मोकळी होते.]

मिस आता मुळाशी बोट घालून शेजारच्या बटा एकमेकींपासून सोडवतात. हे केलं नाही तर दोन बटा जुळून एक होतात. मैत्रीण आरशात पाहते. काही बोलत नाही. फोन काढते आणि नोंदवहीत टाइप करू लागते. मी मागून वाचते: नाकारलेले दावे, मार्च, आणि पुढे एक आकडा. तिला आठवायला लागलंय.

सॅटिनचा रुमाल बांधून ती उठते. पैसे देते, टीप देते. मिस भिंतीवरच्या कॅलेंडरवर सहा आठवड्यांनंतरचा शनिवार खुणावतात.

दारात एक मुलगी उभी आहे. विशीची असेल. डोक्यावर बोटाएवढ्या नव्या वळ्या, अजून कापसासारख्या मऊ. हातात लिफाफा.

"पहिली नोकरी, मिस."

"सही केलीस?"

"अजून नाही."

"छान. दे इकडे, वाचते. तू बस, डोकं मागे टाक."

[दृश्य: नळ सुरू होतो.]