एम.बी.त न मावणारं काम

(दृश्य : सकाळचे साडेआठ. बाणेर रस्ता. मेट्रोचे खांब, खाली दुचाक्यांचा लोंढा.)

पुण्यात विद्यापीठ चौकातून बाणेरच्या रस्त्याला लागलं की राजभवनाच्या आवारात यशदा आहे. पूर्ण नाव यशवंतराव चव्हाण विकास प्रशासन प्रबोधिनी. संस्था १९६३ साली मुंबईत सुरू झाली, १९८४ मध्ये पुण्याला आली आणि १९९० पासून यशवंतरावांच्या नावानं ओळखली जाऊ लागली. राज्य चालवणारी माणसं इथे शिकायला येतात. कुणी नव्यानं रुजू झालेलं असतं, कुणी वीस वर्षांच्या नोकरीनंतर पुन्हा वही-पेन घेऊन बसलेलं.

आपण आत जाणार नाही. फाटकाबाहेरच थांबू.

समोरचे हे खांब पुणे मेट्रोच्या तिसऱ्या मार्गिकेचे. हिंजवडी ते शिवाजीनगर, सुमारे तेवीस किलोमीटर, तेवीस स्थानकं. विद्यापीठ चौकातला जुना उड्डाणपूल २०२० मध्ये पाडला, तो या मार्गिकेला आणि नव्या दुमजली पुलाला वाट करून द्यायला. सेवा उद्योगांचं नियोजन अधिकाऱ्यांना शिकवायचं असेल, तर पहिला धडा इथेच, रस्त्यावर उभा आहे.

(दृश्य : जुना नकाशा. मुळा नदी, वाकड, हिंजवडी, माण.)

महाराष्ट्रात उद्योग कसा वसवायचा, याची रीत १९६२ मध्ये एमआयडीसी, म्हणजे राज्याचं औद्योगिक विकास महामंडळ, स्थापन झालं तेव्हापासून घोटून पक्की झालेली. जमीन संपादन करा, भूखंड पाडा, रस्ता द्या, पाणी द्या, वीज द्या. पुढचं कारखानदार बघून घेतो. या रीतीनं राज्यभर औद्योगिक वसाहती उभ्या राहिल्या. रीत वाईट मुळीच नव्हती.

१९९८ मध्ये राज्याचं पहिलं माहिती तंत्रज्ञान धोरण आलं. हिंजवडीत आयटी पार्क आकाराला आलं, तेही याच रीतीनं. आयटी इमारतींना वाढीव चटईक्षेत्राची, म्हणजे त्याच भूखंडावर जास्त बांधकाम करण्याची, सवलत मिळाली. आता यातली गंमत बघा. कारखान्याचा कच्चा माल ट्रकमधून येतो, रात्रीही येतो, आणि उतरवला की पडून राहतो. आयटी कंपनीचा कच्चा माल म्हणजे माणूस. तो रोज सकाळी येतो, रोज संध्याकाळी परत जातो, आणि सगळे एकाच वेळी निघतात. चटईक्षेत्र वाढवलं म्हणजे त्याच भूखंडावर माणसं वाढवली. रस्ता मात्र भूखंडाच्या हिशेबानं आखलेला.

हिंजवडीच्या वाटेवरच्या भूमकर चौकात सकाळी नऊला अडकलेल्या कुणालाही विचारा. तो यावर पीएचडी करू शकेल, वेळ भरपूर मिळतो.

हे सगळं उभं राहिलं ग्रामपंचायतीच्या हद्दीत. भूखंड एमआयडीसीकडे, आसपासच्या प्रदेशाचं नियोजन पीएमआरडीए या पुणे महानगर प्रदेशाच्या विकास प्राधिकरणाकडे, शेजारी पिंपरी-चिंचवड महापालिका, वाहतुकीला पोलीस. पावसाळ्यात रस्त्यावर पाणी साचलं की ते नेमकं कुणाचं, हे ठरेपर्यंत ऊन पडतं. मेट्रोची पायाभरणी झाली १८ डिसेंबर २०१८ रोजी. धोरण आणि पायाभरणी यांच्यात बरोबर वीस वर्षं. पहिल्या नोकरीला हिंजवडीत लागलेला मुलगा तोवर स्वतःच्या मुलाला दहावीच्या क्लासला सोडायला लागला.

(दृश्य : सरकारी कार्यालय. फायलींचे गठ्ठे, लाल दोरा. टेबलावर उघडी मोजमाप पुस्तिका.)

दोष कुणा एका अधिकाऱ्याच्या माथी मारून उपयोग नाही. त्याच्या हातात जी हत्यारं असतात, ती मोजता येणाऱ्या वस्तूंसाठी घडवलेली असतात.

ही मोजमाप पुस्तिका. कार्यालयात सगळे हिला एम.बी. म्हणतात. लांबी, रुंदी, खोली, घनमीटर. अभियंता मोजतो, लिहितो, सही करतो, मग बिल निघतं. शाळेची खोली एम.बी.त बसते. गटार बसतं. पर्यटनस्थळावरचं स्वागतद्वार तर फारच छान बसतं, म्हणूनच स्वागतद्वारं इतकी दिसतात. पण गावातल्या चाळीस तरुणांना वाटाडे म्हणून तयार करायचं, दोन वर्षं त्यांचा पाठपुरावा करायचा, त्यातले किती टिकले ते बघायचं, हे एम.बी.त कुठल्या रकान्यात लिहिणार?

जिल्हा वार्षिक योजनेत प्रत्येक कामाला लेखाशीर्ष, म्हणजे खर्च मांडायचा ठरावीक रकाना, लागतं. प्रशासकीय मान्यता लागते, कार्यान्वयन यंत्रणा लागते. आणि निधी मार्चअखेर खर्ची पडावा लागतो. जानेवारीत पालकमंत्र्यांच्या बैठकीत खर्चाची टक्केवारी विचारली की जिल्हा नियोजन अधिकारी सिमेंटकडे वळतो. त्याच्या जागी आपण असतो तरी तेच केलं असतं.

आकडेवारीचीही हीच कथा. देशातल्या कारखान्यांची वार्षिक उद्योग पाहणी १९६० पासून होते आहे. कुठल्या कारखान्यात किती कामगार, किती माल, किती वीज, सगळं वर्षाच्या वर्षाला. नोंदणीकृत सेवा कंपन्यांसाठी अशी दरवर्षीची पाहणी नव्हती. केंद्राच्या सांख्यिकी मंत्रालयानं तिची चाचणी घेतली ती २०२४ मध्ये. महाराष्ट्राच्या ढोबळ उत्पन्नात सेवाक्षेत्राचा वाटा साठ टक्क्यांच्या आसपास. म्हणजे ताटातला मोठा घास कोणता, हे माहीत होतं. त्यात काय काय आहे, ते चाखून बघायला साठेक वर्षं लागली.

(दृश्य : बाणेर परिसरातली एक गल्ली. चार मजली इमारत.)

आम्हाला विचाराल, तर प्रशिक्षणाचा पहिला तास वर्गाबाहेर घ्यावा. अधिकाऱ्यांना अशा एखाद्या गल्लीत सोडावं, हातात विकास आराखडा द्यावा. आराखड्यात ही इमारत पिवळी आहे. पिवळी म्हणजे निवासी.

आता तळमजल्यापासून वर चला. केशकर्तनालय. २००८ च्या राष्ट्रीय औद्योगिक वर्गीकरणात त्यालाही क्रमांक आहे, ९६०२. शेजारी पोळी-भाजी केंद्र, सकाळी सातलाच तवा तापलेला, कारण समोरच्या पीजीतल्या मुलांना डबे हवेत. त्याला लागून रक्त-लघवी तपासणीचं नमुना संकलन केंद्र. पहिल्या मजल्यावर सीएचं कार्यालय, बाहेर चपलांचा ढीग. दुसऱ्यावर अभ्यासिका, तिथे स्पर्धा परीक्षेची मुलं बसलेली, त्यातली काही उद्या याच प्रशिक्षणाला येतील. तिसऱ्यावर एका बंद दाराआड एक बाई हेडफोन लावून परदेशातल्या दवाखान्याची बिलं तपासते आहे. दारावर पाटी नाही. नेमप्लेटवर फक्त आडनाव.

एका पिवळ्या चौकोनात सहा उद्योग. त्यांपैकी एकालाही भूखंड नको होता. न जाणारी वीज, चालेल असं इंटरनेट, दुचाकी लावायला जागा आणि रात्री घरी पोचवणारी बस, एवढंच हवं होतं.

जागतिक व्यापार संघटनेच्या करारात सेवांच्या व्यापाराचे चार मार्ग सांगितलेत. पुस्तकात ते फार रुक्ष वाटतात, पण या गल्लीतून बघितले की कळतात. बिलं तपासणारी ती बाई जागेवरून उठत नाही, तिचं काम समुद्र ओलांडतं. हा पहिला. परदेशी विद्यार्थी पुण्यात शिकायला येतो, खोली भाड्यानं घेतो, हा दुसरा. परदेशी बँक इथे शाखा उघडते, हा तिसरा. आणि चौथ्यात माणूसच जातो. २०२४ मध्ये महाराष्ट्रानं जर्मनीच्या बाडेन-वुर्टेंबर्ग राज्याशी कुशल मनुष्यबळ पाठवण्याचा करार केला, तो या चौथ्याच्या जवळचा. तिथे नियोजन म्हणजे जर्मन भाषेचे वर्ग, परीक्षा, प्रमाणपत्रांची मान्यता. सिमेंटची एक गोणीही लागत नाही.

राज्यात हालचाल नाही असं नाही. २०२२ मध्ये ‘मित्रा’ ही राज्याला धोरणांवर सल्ला देणारी संस्था स्थापन झाली. २०२४ मध्ये जागतिक बँकेनं जिल्ह्यांची नियोजनक्षमता वाढवण्यासाठी महाराष्ट्राला अठरा कोटी डॉलरहून अधिक कर्ज मंजूर केलं. सरकारी कर्मचाऱ्यांच्या प्रशिक्षणासाठीचे केंद्राच्या मिशन कर्मयोगीचे पाठ तर मोबाइलवरच मिळतात. पण मोबाइलवर पाठ संपवून प्रमाणपत्र मिळवणं ही कला आपल्याकडे सगळ्यांनाच जमते.

(दृश्य : मालवण. धक्क्यावर बांधलेल्या होड्या. मागे सिंधुदुर्ग किल्ला.)

पुण्यापासून दूर आलो, कारण दुसरा धडा इथे आहे. सिंधुदुर्ग १९९७ मध्ये पर्यटन जिल्हा म्हणून जाहीर झाला. चिपीचा विमानतळ ऑक्टोबर २०२१ मध्ये सुरू झाला. मधली चोवीस वर्षं जिल्ह्यातलं पर्यटन ज्यांनी चालवलं, त्यांच्यापैकी एकीच्या मागील दारी आपण उभे आहोत.

तारकर्लीच्या वाटेवरचं घर. पुढच्या दोन खोल्या पाहुण्यांना, मागे घरची माणसं. सरकारी भाषेत निवास व न्याहारी योजना. बिडाच्या तव्यावर घावणं पडलंय, कडा सुटायला लागल्यात. काकू उलथन्यानं ते अलगद उचलतात, दुमडतात, पुढचं घालतात. बाहेर ओसरीवर चौघं वाट बघतायत.

काकूंचं गणित एकदम सरळ आहे. काल रात्री एक खोली रिकामी गेली. मासळी उरली तर ती खारवून ठेवता येते. कालची रिकामी रात्र आज विकता येत नाही. जून ते ऑगस्ट किल्ल्याच्या होड्या बंद, म्हणजे तीन महिने अशाच रिकाम्या रात्री. आणि मे महिन्यात, जेव्हा सगळी मुंबई इथे उतरते, तेव्हा विहिरीचं पाणी तळाला गेलेलं असतं.

नियोजन करायला इथे आलेल्या अधिकाऱ्यानं काय विचारावं? पर्यटक किती आले, हे नंतर. आधी विहिरीत मे महिन्यात किती पाणी राहतं ते विचारावं. शौचालयाची टाकी शेवटची कधी उपसली? गावात एखाद्याला बुडता माणूस वाचवता येतो का? पाहुण्याला रात्री ताप आला तर डॉक्टर किती अंतरावर? पावसाळ्यातल्या तीन महिन्यांत घरात दुसरं काय काम येऊ शकेल? बंद पडलेल्या खोलीत एखादा पुण्याचा मुलगा लॅपटॉप घेऊन महिनाभर राहील का? मग हिंजवडीचा प्रश्न आणि मालवणचा प्रश्न एकाच कागदावर येतात.

(दृश्य : स्वयंपाकघर. फोन वाजतो. काकू पिठाचा हात पदराला पुसतात.)

फोन पुण्याहून आहे. आठवड्याभराचं आरक्षण हवंय, घरूनच काम करायचंय. वायफाय आहे ना, पलीकडून आवाज येतो.

“आसा ओ,” काकू म्हणतात, “पण लाईट आसली तर.”