लाकडी लेथच्या हत्यारांसाठी ग्राइंडर घेताना

नमस्कार श्रोतेहो. लाटणी, रव्या, भोवरे, पाळण्याचे दांडे ज्यांच्या हातून उतरतात, त्या लाकडी लेथवरच्या कारागिरांसाठी आजचं बोलणं आहे. वाळलेली बाभूळ लेथला लावली की हत्याराची धार किती लवकर जाते, हे तुम्हाला सांगायला नको. म्हणजे धार लावायला ग्राइंडर हवाच. पण दुकानदार आधी मोटर दाखवतो, अर्धा एचपी की पाऊण. माझं म्हणणं असं, की दुकानात जायच्या आधी आपल्या हत्याराचं पोलाद ओळखा.

आपल्याकडं बरीच हत्यारं लोहाराकडून घडवून घेतलेली असतात. गाडीचा जुना पाटा, नाहीतर झिजलेली कानस. धारेच्या हिशेबानं हे कार्बन पोलादच. विकत आणलेलं नवं हत्यार बहुधा हायस्पीड स्टीलचं, म्हणजे एचएसएसचं. गावातल्या वेल्डिंगवाल्याच्या ग्राइंडरवर, धारेपासून दूर, हत्यार हलकंच टेकवून बघा. पिवळ्या-पांढऱ्या ठिणग्या फुलबाजीसारख्या फुटल्या तर कार्बन पोलाद. ठिणग्या मोजक्या, मंद आणि तांबूस निघाल्या तर एचएसएस.

या फरकावर पुढचं सगळं ठरतं. कार्बन पोलाद ३०० अंश सेल्सिअसच्या आसपास तापलं की धार निळी पडते आणि पोलादाचं पाणी उतरतं, म्हणजे ते मऊ पडतं. ते बादलीत बुडवून परत येत नाही. निळा भाग घासून काढावा लागतो. म्हणून अशी पटाशी बोटाला चटका बसायच्या आत पाण्यात गेली पाहिजे, पुन्हा पुन्हा. एचएसएस ५०० अंशांच्या पुढंही दम धरतं. ते निळं पडलं तरी घाबरू नका, पण तापलेलं असताना पाण्यात बुडवू नका. धारेला बारीक तडे जातात.

आता वेग. साधा सहा इंची ग्राइंडर मिनिटाला सुमारे २,८०० फेरे घेतो, चार पोलच्या मोटरचा, म्हणजे संथ ग्राइंडर, १,४०० च्या आसपास. सहा इंची वेगवान चाकाची कड सेकंदाला साधारण २२ मीटर पळते, आठ इंची संथ चाकाची १५. पाट्याची हत्यारं असतील तर संथ ग्राइंडर मिळाला तर उत्तम. नाही मिळाला तरी अडून बसू नका, हात हलका ठेवा. पंख्याचा रेग्युलेटर जोडून वेग कमी करायचा उद्योग मात्र नको. त्यानं मोटरचा जोर जातो आणि ती तापते. एचपीचं म्हणाल तर सहा इंचीला अर्धा पुरतो. आठ इंची चाक जड. संध्याकाळी व्होल्टेज पडलं की त्याला वेग घ्यायला वेळ लागतो.

खरे पैसे चाकावर घाला. ग्राइंडरसोबत येणारं करडं चाक बहुधा कडक असतं. त्याचे बोथट झालेले कण सुटत नाहीत, त्यामुळं ते घासतं कमी आणि तापवतं जास्त. पांढऱ्या ॲल्युमिनियम ऑक्साइडच्या चाकाचे कण झडतात आणि खालचे ताजे कण कामाला येतात. चाकाच्या कागदी चकतीवर ‘डब्ल्यूए ६० के’ असं काही छापलेलं असतं. ६० म्हणजे कणांच्या बारीकपणाचा आकडा. ६० किंवा ८० घ्या. आकड्यानंतरचं अक्षर घट्टपणाचं: ‘ए’कडं मऊ, ‘झेड’कडं कडक. जे किंवा के मागा. भोकाचं माप आणि चाकावर छापलेला कमाल वेगही तपासा. तो ग्राइंडरच्या वेगाहून कमी नको. व्हिडिओंमध्ये सीबीएन, म्हणजे क्यूबिक बोरॉन नायट्राइडच्या अतिकठीण कणांच्या चाकाची फार वाहवा चालते. चाक झकास असतं, झिजत जवळजवळ नाही. पण ते एचएसएसचं. मऊ लोखंड घासलं की ते चाकाच्या कणांत भरून बसतं. लोहारी हत्यारं वापरणाऱ्यानं तो खर्च करू नये.

चाक बसवायच्या आधी भोकात बोट घालून लटकवा आणि लाकडी मुठीनं हलकेच ठोका. खणखणीत आवाज आला तर ठीक, बद्द आला तर चाक तडकलंय, टाकून द्या. दोन्ही बाजूंच्या कागदी चकत्या काढू नका. डावीकडच्या नटाचे आटे उलटे असतात, तिथं जोर लावत बसू नका. ग्राइंडर कोपराच्या उंचीला पक्का बोल्ट करा. पहिल्यांदा चालू करताना बाजूला उभं राहा आणि मिनिटभर तसाच फिरू द्या. मग हिऱ्याच्या ड्रेसरनं, म्हणजे चाक घासायच्या हत्यारानं, चाकाचा तोंडवळा सरळ करा. हत्यार टेकवायची पट्टी चाकापासून ३ मिलिमीटरपेक्षा दूर नको, नाहीतर हत्यार फटीत ओढलं जातं.

कोन बसवायला एक सोपी युक्ती आहे. हत्याराच्या उतारावर काळा मार्कर फासा, ग्राइंडर बंद ठेवून हत्यार पट्टीवर टेकवा आणि चाक हातानं फिरवा. शाई टोकाकडची गेली तर कोन फार उभा, मागची गेली तर फार आडवा. सगळीकडची सारखी पुसली की पट्टी तिथंच कसा. जाड छिलण्याच्या गोल पटाशीला ४५ अंश पुरतात, खरडायच्या हत्याराला ७० ते ८०. त्याच कोनात परत परत धार लावली तर दर वेळी थोडंच पोलाद जातं.

आणि हो, ग्राइंडर लेथच्या शेजारी ठेवू नका. तिथं छिलकं आणि भुसा साचलेला असतो, ठिणगी त्यात दबून राहते आणि दुकान बंद करून घरी गेल्यावर पेट घेते. चष्मा लावा, हातमोजे काढा, गळ्यातला रुमाल खुंटीला अडकवा. नमस्कार.