लघवीची पट्टी दोन मिनिटात काय सांगते

नमस्कार कोल्हापूरकर. लघवीला जळजळ सुरू झाली की आपल्याकडं पहिलं वाक्य ठरलेलं, उन्हाळी लागली असेल, धण्याचं पाणी पी. प्या की, पण दोन दिवस झाले आणि जळजळ तशीच असली तर लॅबमध्ये जाऊन लघवी तपासा, कारण इन्फेक्शन आहे का याचा अंदाज एका पट्टीवर दोन मिनिटात येतो.

पट्टी म्हणजे प्लॅस्टिकची बारीक स्ट्रिप, तिच्यावर रंगाचे चौकोन. एक चौकोन पांढऱ्या पेशींचा, लघवीत त्या वाढल्या की जांभळा होतो. दुसरा नायट्राइटचा, तो गुलाबी होतो. आपल्या खाण्यातनं लघवीत नायट्रेट येतं, ई. कोलायसारखे जंतू त्याचं नायट्राइट करतात, पण त्यासाठी लघवी मूत्राशयात साधारण चार तास थांबायला लागते. आता बघा, जिला दर अर्ध्या तासाला पळावं लागतंय तिची लघवी चार तास थांबणार कुठनं? म्हणजे जिला त्रास जास्त तिचाच हा चौकोन कोरा राहू शकतो! शिवाय काही जंतू नायट्राइट करतच नाहीत. म्हणून सकाळची पहिली लघवी द्या, आणि पट्टी निगेटिव्ह आली तरी त्रास होतोय हे डॉक्टरांना ठामपणे सांगा. व्हिटॅमिन सी च्या गोळ्या चालू असतील तर तेही सांगा, त्यानंही रिझल्ट चुकतो.

नक्की कुठला जंतू आणि कुठलं औषध लागू पडेल हे कल्चरमध्येच, म्हणजे लॅबमध्ये लघवीतले जंतू वाढवून बघतात त्या तपासणीतच कळतं, त्याला एक-दोन दिवस जातात. मेडिकलमधनं अँटिबायोटिकच्या दोन गोळ्या आणून खायच्या आणि मग सॅम्पल द्यायचं, हे मात्र अजिबात करू नका, जंतू दबतात आणि कल्चरमध्ये काहीच उगवत नाही, मग डॉक्टर तरी काय करणार. गरोदर बायकांनी तर त्रास नसला तरी कल्चर करून घ्यावं, नुसत्या पट्टीवर भागत नाही. आणि थंडी वाजून ताप, कमरेच्या वर पाठीत दुखणं, उलट्या असं असेल तर रिपोर्टची वाट बघू नका, आपलं सीपीआर सरकारी हॉस्पिटल गाठा नाहीतर जवळचा दवाखाना.

उसात भांगलायला जाणाऱ्या, एसटीनं रोज ये-जा करणाऱ्या माझ्या बहिणींनो, बाथरूम नाही म्हणून दिवसभर पाणी तोडू नका ओ, जीव तुटतो ऐकून.

सॅम्पलला घरातली औषधाची बाटली नको, लॅबची डबी घ्या, सुरुवातीची लघवी सोडून मधली धरा आणि तासाभरात पोचवा, उशीर होणार असेल तर फ्रिजमध्ये ठेवा.