एल मोरो : कातळ वाचायला जाण्यापूर्वी

अमेरिकेच्या न्यू मेक्सिको राज्यात, पश्चिमेकडच्या उंच आणि रुक्ष पठारावर, फिकट पिवळ्या वालुकाश्माचा एल मोरो नावाचा कडा उभा आहे. त्याच्या पायथ्याशी सावलीत एक कुंड आहे. त्याला झरा नाही. पावसाचे आणि वितळलेल्या बर्फाचे पाणी कड्यावरून ओघळून येथे साठते आणि कुंड भरले की ते सुमारे साडेसात लाख लिटर होते. या वाटेवर खात्रीचे पाणी दुर्मीळ असल्यामुळे शतकानुशतके प्रवासी येथेच मुक्काम करत, आणि मुक्कामात हाताशी वेळ असल्यामुळे मऊ कातळावर आपली नावे कोरून ठेवत.

अल्बुकर्की या शहरातून मोटारीने येथे पोहोचायला साधारण दोन तास लागतात. ग्रँट्स गावाशी मोठा महामार्ग सोडून 53 क्रमांकाचा राज्यमार्ग धरावा लागतो आणि तेथून सुमारे 68 किलोमीटरवर एल मोरो येते. इंधन आणि पाणी ग्रँट्सलाच घेतलेले बरे. प्रवेशशुल्क नाही.

बहुतेक लोक माथ्यावर जाण्याची घाई करतात. आमच्या मते आधी खालची वाट धरावी. ती जेमतेम 800 मीटरची आहे, पण तिला निदान दीड तास द्यावा, कारण येथे चालण्यापेक्षा थांबण्याचे काम जास्त आहे. ऊन तिरपे असताना अक्षरांच्या खाचांत सावली भरते आणि मजकूर उठून दिसतो. भर दुपारी तोच लेख दगडात विरून गेल्यासारखा वाटतो.

सर्वांत जुना स्पॅनिश लेख न्यू मेक्सिकोचा पहिला स्पॅनिश गव्हर्नर हुआन दे ओन्याते याचा आहे. दक्षिण समुद्राच्या (म्हणजे पॅसिफिकच्या) शोधावरून परतताना 16 एप्रिल 1605 रोजी आपण येथून गेलो, असे त्याने कोरले आहे. तो लेख एका आधीच्या कातळशिल्पावर कोरलेला आहे, हे जवळून पाहिल्यावर लक्षात येते. याच ओन्यातेच्या हुकमावरून 1599 मध्ये अकोमा या मूळ रहिवाशांच्या गावातील लोकांची कत्तल झाली होती. हे ठाऊक असले की त्या ऐटदार ओळींकडे केवळ कुतूहलाने पाहता येत नाही.

पुढे सप्टेंबर 1849 मधील एक लेख आहे. अमेरिकी सैन्यातील लेफ्टनंट सिम्पसन आणि चित्रकार रिचर्ड कर्न यांनी येथे दोन दिवस काढून कातळावरील लेखांच्या नकला केल्या आणि जाताना आपणही तशी नोंद कोरली. मात्र तीत ‘इन्स्क्रिप्शन्स’ या शब्दातला ‘आर’ राहून गेला, म्हणून काकपद देऊन तो वर बसवलेला आहे. इतरांचे लेख काटेकोरपणे उतरवून घेणाऱ्यांची ही चूक दगडात कायमची राहिली. त्यानंतर 1857 मध्ये अमेरिकी सैन्याची उंटांची तुकडीही येथून गेली.

माथ्याकडे जाणारी वाट सुमारे 3.2 किलोमीटरची आहे. चढ 75 मीटरच्या आसपास असला, तरी आपण समुद्रसपाटीपासून सुमारे 2200 मीटर उंचीवर असतो, त्यामुळे दम लवकर लागतो. वर अत्सिना या वस्तीचे अवशेष आहेत. साधारण 1275 ते 1350 या काळात या भागातील मूळ रहिवासी असलेल्या आजच्या झुनी लोकांचे पूर्वज येथे राहत होते. वस्तीत सुमारे 875 खोल्या होत्या, पण त्यांतील थोड्याच उत्खननात उघड झाल्या आहेत.

8 डिसेंबर 1906 रोजी एल मोरो राष्ट्रीय स्मारक घोषित झाले आणि त्यानंतर येथे काहीही कोरणे हा गुन्हा ठरला. 1920 च्या दशकात देखरेख करणाऱ्यांनी नवी नावे घासून काढली आणि जुनी अक्षरे ठळक दिसावीत म्हणून ती पेन्सिलीने गडद केली. हेतू चांगला असला, तरी त्यामुळे मूळ खुणांत भर पडली. आता लेखांना बोटही लावू नये, असा नियम आहे, कारण हा दगड हळूहळू झिजतच असतो.

जुलै ते सप्टेंबरमध्ये दुपारनंतर विजांची वादळे येतात, म्हणून त्या दिवसांत माथा सकाळीच उरकावा आणि मेघगर्जना ऐकू येताच खाली उतरावे. हिवाळ्यात बर्फामुळे वरची वाट बंद ठेवली जाते. म्हणून तारीख नक्की करण्यापूर्वी स्मारकाच्या कार्यालयाकडे चौकशी करावी आणि वरच्या वाटेवर शेवटचा प्रवेश किती वाजता आहे, तेही विचारून घ्यावे.